सातपुड्याच्या पायथ्याने कॅम्पर नेताना

अंकलेश्वरहून बऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा आणि रावेर अशी गावे ओवत सातपुड्याच्या पायथ्याने पूर्वेकडे जातो. डाव्या हाताला डोंगराची निळी रांग सतत सोबत असते आणि उजवीकडे दूरवर तापी वाहत असते. डिसेंबरमध्ये मी आणि पत्नी आमच्या कॅम्परने या रस्त्याला लागलो, तेव्हा घर सोडून पाच महिने झाले होते. खानदेशासाठी आम्ही चार दिवस धरले होते. प्रत्यक्षात एकोणीस दिवस राहिलो. त्याचे कारण गाडी. गाडीमुळे जे पाहायला आणि शिकायला मिळाले, त्याची ही नोंद.

आमची गाडी म्हणजे १३ आसनांची जुनी डिझेल व्हॅन आहे. आसने काढून आत पलंग, ओटा, १२० लिटरची पाण्याची टाकी, ५ किलोचे दोन गॅस सिलिंडर आणि छतावर सौर पॅनेल बसवले आहेत. दर १०,००० किलोमीटरला काय तपासायचे आणि काय बदलायचे याचा तक्ता मी घरून निघतानाच दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता आणि तो काटेकोरपणे पाळतही होतो. खानदेशात आल्यावर मात्र कळले, की गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा ती कोणत्या मुलखातून आणि कोणत्या हंगामात चालली, हे देखभालीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे असते.

पहिला प्रसंग तोरणमाळच्या वाटेवर घडला. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरपेक्षा उंच आहे आणि शहाद्याकडून जाताना सपाटी संपली की चढ अंगावर येतो. सपाटीवर ताशी ६० किलोमीटरने जाताना इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागी स्थिर होता. घाटात दुसऱ्या गिअरवर आल्यावर दहा मिनिटांत तो लाल पट्टीच्या जवळ गेला. आम्ही एसी बंद केला, आतला हीटर पूर्ण चालू केला, कारण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच, म्हणजे इंजिनाचे गरम पाणी वाऱ्याने गार करणारी जाळीच असतो, आणि रुंद वळणावर गाडी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उभी केली. इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटे नुसते चालू ठेवले, म्हणजे आतले पाणी फिरत राहते आणि उष्णता एका जागी कोंडत नाही. काटा खाली आल्यावर इंजिन बंद केले. रेडिएटरच्या झाकणाला तासभर हात लावला नाही. गरम इंजिनातले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उसळून बाहेर येते आणि हात व तोंड भाजते.

कूलंटची पातळी बरोबर होती, पट्टा ताठ होता आणि पंखाही फिरत होता. पुढून पाहिले तर जाळी बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होती, आणि इथेच माझी फसगत झाली. पुढून दिसते ती जाळी एसीच्या कंडेन्सरची असते. रेडिएटर तिच्या मागे असतो. त्या दोहोंमधल्या दोन बोटांच्या फटीत बॅटरीचा झोत टाकला तेव्हा आत पांढरी गादी दिसली. तो कापूस होता. नंदुरबार ते शहादा या पट्ट्यात आम्ही दोन दिवस कापसाच्या ट्रॅक्टरांमागून गाडी चालवली होती. उघड्या ट्रॉल्यांमधून सुटलेले तंतू रस्त्याच्या कडेच्या बाभळींना लोंबताना पाहून पत्नीने त्यांचे फोटोही काढले होते. तेच तंतू कंडेन्सरच्या पात्यांमधून आत ओढले जाऊन रेडिएटरवर बसले, त्यावर धूळ बसली, आणि तेलकट धुळीने त्यांचे चक्क जाजम विणले. सपाटीवर वेगामुळे उरलेल्या जागेतून वारा पुरत होता. घाटात वेग कमी आणि इंजिनावर ताण जास्त, म्हणून तो पुरेनासा झाला.

खाली उतरून एका शेतकऱ्याच्या विहिरीवर आम्ही ते साफ केले. इंजिन पूर्ण गार होऊ दिले, रेडिएटरच्या वरच्या कडेचे दोन बोल्ट काढून तो मागे कलवला आणि मऊ दातघासणीने, पात्यांच्या उभ्या दिशेनेच, थर सैल केला. नंतर इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूकडे, म्हणजे वारा ज्या दिशेने आत येतो त्याच्या उलट, पाणी सोडले. पाण्याचा दाब मुद्दाम कमी ठेवला, कारण गाडी धुण्याच्या यंत्राच्या झोताने ॲल्युमिनिअमची पाती वाकतात आणि मग तिथून वारा जातच नाही. पाऊण तासाने जमिनीवर जो ढीग पडला, त्यात एक छोटी उशी सहज भरली असती. दुसऱ्या दिवशी तोच घाट काटा न हलता चढलो. तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या काठी ज्या निश्चिंतपणे झोपलो, तशी झोप त्या प्रवासात क्वचितच लागली असेल. तेव्हापासून कापसाच्या हंगामात मी रोज संध्याकाळी त्या फटीत बॅटरीचा झोत टाकून पाहतो.

शिरपूरपर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. चोपड्याला चहासाठी थांबलो असताना समोरच्या गॅरेजमधून एक वयस्कर मिस्त्री उठून आले आणि गाडीच्या मागे उभे राहून म्हणाले, "भाऊ, गाडी वाकडी चाली राहिनी." मला चालवताना काहीच जाणवले नव्हते, सुकाणू किंचित एका बाजूला धरावे लागत होते, एवढेच. त्यांनी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली, तिला गाठ मारली आणि तीच सुतळी दुसऱ्या बाजूला लावली. उजवीकडे गाठ चाकाच्या मध्याच्या एक बोटभर अलीकडेच राहिली. उजवे मागचे चाक जागेवरून सरकले होते.

चाकावरचा भार पेलणारी कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. त्यांच्या मधोमध एक बोल्ट आरपार जातो आणि त्याचे डोके धुऱ्यावरच्या खळग्यात बसते. चाक नेमक्या जागी राहते ते त्यामुळे. पण पाटे धुऱ्याशी घट्ट आवळून धरण्याचे काम त्या बोल्टचे नसून बाहेरून बसवलेल्या दोन यू-बोल्टचे असते. यू-बोल्ट सैल झाले की पाटे एकमेकांवर घासतात, सगळा मार मधल्या बोल्टवर येतो आणि तो तुटतो. आमचा तसाच तुटला होता. दीड महिन्यापूर्वी एका शहरात कमानीचे काम करून घेतले होते, पण त्यानंतर काही शे किलोमीटरवर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मिस्त्रींनी नवा बोल्ट घातला, पाट्यांमध्ये ग्रीस भरले, आणि यू-बोल्ट आवळताना गाडी जॅकवरून खाली उतरवून तिचे पूर्ण वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळण घेतले. दुपारी त्यांच्या घरून कळण्याची भाकरी आणि भरीत आले. मजुरी घेताना त्यांनी हिशेबापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. मात्र एक गोष्ट बजावली: बोल्ट सैल झाला हे खरे, पण कमान बसली आहे ती वजनाने. आधी गाडी वजनकाट्यावर चढवा.

ते काम रावेरला करायचे ठरवून निघालो, तर सावद्याजवळ ओट्याखालून पाणी वाहू लागले. टाकीपासून नळापर्यंत मी घरगुती पीव्हीसीची कडक नळी चिकटवून बसवली होती, आणि सततच्या हादऱ्यांनी तिचा कोपऱ्यावरचा जोड तडकला होता. गावातल्या ज्या दुकानात गेलो तिथे भिंतभर ठिबक सिंचनाचे साहित्य लटकत होते. यावल–रावेर हा केळीचा पट्टा, आणि इथली केळी ठिबकवर वाढते. दुकानदाराने १६ मिलिमीटरची लवचीक नळी, रबरी ग्रोमेट (भोकात बसणारे कडे), टेक-ऑफ (नळी जोडायचा तुकडा) आणि एक छोटी चकतीची गाळणी काढून दिली. ही नळी वाकते, हादरे पचवते, आणि जोड निसटलाच तर हाताने पुन्हा बसतो. ती साधारण एक ते दीड किलो दाबासाठी असल्यामुळे पंपाचा प्रेशर स्विच कमी केला आणि प्रत्येक जोडावर क्लिप लावली. ही नळी आम्ही फक्त धुण्याभांड्याच्या पाण्यासाठी वापरतो. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये असते.

रावेरला भुईकाट्यावर आम्ही केळीच्या ट्रकांच्या रांगेत उभे राहिलो. संपूर्ण गाडी ३,७२० किलो भरली; मंजूर वजन ३,५०० होते. मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवली, तर २,४१०. खरा दोष तिथे होता. पाण्याची टाकी, लोखंडी जाळी आणि जादा चाक ही सगळी वजने मी मागच्या धुऱ्याच्याही मागे बसवली होती. तराजूसारखे तिथले वजन पुढची बाजू उचलते आणि मागच्या धुऱ्यावर स्वतःपेक्षा जास्त भार टाकते. त्या संध्याकाळी आम्ही केळीच्या बागेच्या कडेला सतरंजी पसरून सगळे सामान बाहेर काढले. लिथियम बॅटरी बसवल्यानंतरही सवयीने ठेवलेली जुनी ट्युब्युलर बॅटरी, जी एकटीच साठ किलोच्या आसपास होती, जाळी, जादा चाक आणि पुस्तकांची पेटी परतीच्या मालट्रकने घरी पाठवली. टाकीत ४० लिटरच पाणी ठेवले. पुस्तके देताना पत्नी बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसली होती.

सकाळी पुन्हा काट्यावर गेलो. एकूण ३,४६०, मागे २,१२०, आणि पुढच्या धुऱ्यावर आधीपेक्षा ३० किलो जास्त. काटेवाल्याने ट्रकांना देतात तशीच पावती छापून दिली. ती मी दारावरच्या तक्त्याशेजारी चिकटवली, यू-बोल्टला पान्हा लावून पाहिला आणि गाडी बऱ्हाणपूरच्या दिशेने काढली.