रविवारच्या फर्स्ट एड कोर्सची तयारी

आज दिवसभर दुसरं काही केलंच नाही, रविवारी आमच्या नव्या क्लाइंबिंग बॅचचा फर्स्ट एड कोर्स आहे ना त्याचंच सगळं चालू होतं. क्रेप बँडेज, ग्लोव्हज, ओआरएस, त्रिकोणी पट्ट्या भरून झाल्या, स्प्लिंटसाठी (मोडलेल्या हाडाला द्यायचा आधार) जुनी कॅरीमॅट, म्हणजे ट्रेकला झोपायची फोमची चटई, कापली.

शहरात 108 ला फोन लावला की गाडी दारात येते, पण तैलबैल्याच्या कातळभिंतीखाली पाय मोडला तर गाडीरस्त्यापर्यंत आपल्यालाच न्यायचंय, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर फोनला रेंज मिळेल याचीही खात्री नाही, म्हणून मला मनापासून वाटतं की पोरांना रोपच्या आधी हे यायला हवं.

संध्याकाळी उशीवर सीपीआरची (हृदय बंद पडलं तर छाती दाबायची) प्रॅक्टिस केली, मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जायला पाहिजे, दंड लगेच भरून येतात हो, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा.

सापावर मात्र जास्त वेळ घेणार आहे. घोणस, फुरसं आपल्या डोंगरात आहेतच आणि लोक अजूनही आवळून दोरी बांधतात, ब्लेडने चिरा देतात, कृपा करून असलं काही करू नका!! अंगठी-कडं काढा, हातपाय हलू देऊ नका, माणसाला उचलून लवकरात लवकर अँटीव्हेनम असलेल्या हॉस्पिटलला न्या. हार्नेसवर (दोराला अडकवायचा कंबरपट्टा) कुणी बेशुद्ध लटकला तर आधी खाली घ्यायचा, हेही दोर लावून करून घेणार.

कुणाकडे जुनी कॅरीमॅट असतील तर शनिवारपर्यंत द्या प्लीज, अजून लागणारेत.