मी बैलाच्या बाजूचा

दुपारी गॅरेजमधले बूट उलटे करून झटकले, तर मूठभर माती निघाली. बारीक, तांबूस, त्यात गवताची काडी. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये असली माती नाही. इथे जमीन म्हणजे हिरवळ, आणि हिरवळीखाली काय असतं ते नळ फुटल्याशिवाय कळत नाही. बायकोने दारातूनच पाहिलं. "बैलांची ना?" म्हणाली आणि आत गेली.

बैलांचीच. न्यू जर्सीच्या पार दक्षिणेला पाइल्सग्रोव्ह नावाचं गाव आहे, वुड्सटाउनला लागून. आमच्याकडून दीड तास. टर्नपाइक, म्हणजे टोलचा महामार्ग, सोडली की मॉल संपतात आणि मक्याची, सोयाबीनची शेतं लागतात. मग रूट 40च्या कडेला फायबरचा एक अवाढव्य काऊबॉय उभा दिसतो. तिथे उन्हाळाभर, मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला रोडिओ, म्हणजे काऊबॉयांचे खेळ, असतो. काऊटाउन म्हणतात. पहिला खेळ 1929 साली झाला आणि 1955 पासून दर शनिवारी होतो. न्यूयॉर्कच्या पायथ्याशी काऊबॉय कुठले, असं मलाही वाटलं होतं. ऑफिसातल्या एकाने नेलं. त्याला पुन्हा जावंसं वाटलं नाही, मला वाटतंच राहिलं.

तिथे बरंच काही असतं. घोडे उधळतात, दोरीचे फास पडतात, बायका पिंपांना वळसे घालत घोडी पिटाळतात. मी ते सगळं लग्नातल्या मंगलाष्टकांसारखं ऐकून घेतो, जेवणाकडे लक्ष ठेवून. जेवण म्हणजे शेवटचा खेळ, बैलावर बसणं. (खाण्याच्या स्टॉलवर काय भाजतात त्याची मी चौकशी करत नाही. बटाट्याच्या तळलेल्या काड्या घेतो आणि समोर बघतो.)

बैल म्हणणंही चूकच, ते वळू असतात. पण वळू म्हटलं की मला ग्रामपंचायत आठवते, म्हणून आपले बैलच.

नियम तुम्हाला ठाऊक असतील. अरुंद कोंडीत बैल उभा, त्याच्यावर पोरगं, एक हात दोरीत करकचून. पोराने मान हलवली की दार उघडतं. आठ सेकंद टिकायचं. मोकळा हात बैलाला किंवा स्वतःला लागला तर शून्य. पडला तर शून्य. टिकला तर शंभरापैकी गुण, आणि मला जी गोष्ट फार आवडली ती इथे आहे: त्यातले पन्नास गुण पोराचे, पन्नास बैलाचे. बैल कसा उसळला, किती वळला, मागचे पाय किती वर झाडले, हे परीक्षक मांडीवर कागद घेऊन लिहितात. बैल मठ्ठासारखा धावत सुटला तर वरचा कितीही झकास बसलेला असो, गुण पडत नाहीत. कधी कधी त्याला दुसरा बैल देतात.

हे मी तात्यांना फोनवर सांगितलं. तात्या म्हणजे माझे चुलते, खटाव तालुक्यात असतात आणि आयुष्यभर बैलांत आहेत.

"वळू हाय म्हणतोस?"

"हो."

"मग त्याच्यावर बसत्यात कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

राखाडी रंगाचा एक बैल मी पहिल्यांदा पाहिला ती संध्याकाळ आठवते. कोंडीतून त्याचं डोकं दिसत नव्हतं, फक्त पाठ. आणि पाठीवर, माझ्या चुलतीच्या अंबाड्यासारखं एका बाजूला कललेलं, वशिंड. न्यू जर्सीत वशिंड! इथल्या गाई मी पाहिल्या होत्या, टेबलासारख्या सपाट पाठीच्या. त्यांच्याकडे बघून कधी काही झालं नव्हतं. या वशिंडाकडे बघून मात्र परगावच्या स्टँडवर आपल्या गावची एसटी दिसल्यासारखं वाटलं.

घरी येऊन वाचत बसलो तर नातं निघालंच. इथल्या उसळणाऱ्या बैलांत पुष्कळदा जे रक्त असतं ती अमेरिकन जात हिंदुस्थानी गुरांतूनच तयार झाली. गुजरातची कांकरेज, गीर, नेल्लोरकडची ओंगोल आणि चौथी, दचकू नका, कृष्णाकाठची. आपली सांगली-मिरजेकडची काळ्या रानातली जड जात. 1906 साली टेक्सासच्या एका कुरणवाल्याने हिंदुस्थानातून गुरं मागवली. ती बोटीने न्यूयॉर्कला आली तेव्हा रोगाच्या भीतीने त्यांना जवळच्या एका बेटावर अडकवून ठेवलं. सगळी तिथून बाहेर आली नाहीत. बोटीने आलेल्या माणसांना तपासायचे ते एलिस आयलंड सगळ्यांना ठाऊक असतं, बैलांचंही एक होतं. पुढे 1924 साली या जातीची संघटना झाली आणि तिने जातीला नाव दिलं ब्राह्मन. यावर विनोद करायचा मोह मी आवरला आहे, तुम्हीही आवरा.

तेव्हापासून मी बैलाच्या बाजूचा. चार हजारांचा जमाव पोराच्या नावाने ओरडत असतो आणि मी मनात म्हणत असतो, टाक. टाक त्याला. बायको म्हणते ही विकृती आहे. मुलगा म्हणतो, बाबा, यू आर रूटिंग फॉर द फर्निचर. पण बैलाच्या बाजूने असणारे इथेही आहेत, मी एकटा नाही. बोडेशस नावाचा एक पिवळट बैल होता, त्याची भीती आणि भक्ती दोन्ही अजून सांगतात. 1995 साली त्याने टफ हेडमन नावाच्या जगज्जेत्याच्या तोंडाचा चेंदामेंदा केला. काही आठवड्यांनी त्याच हेडमनच्या वाट्याला चिठ्ठीने पुन्हा तोच बैल आला. दार उघडलं, हेडमनने दोरी सोडून दिली आणि बैलाला एकट्याला जाऊ दिलं. ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या विजेतेपदांपेक्षा मोठी वाटते. आमच्याकडे बकासूर नावाच्या शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्याच्यासोबत सेल्फी काढायला पोरं मुळशीपर्यंत जातात, त्यातलंच हे. ड्रायव्हरचं नाव कुणाला विचारा, आठवणार नाही.

माझे आजोबा, आबा, मला सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावला न्यायचे. सेवागिरी महाराजांची यात्रा, मार्गशीर्षातली थंडी. रथावर लोक नोटांच्या माळा बांधायचे आणि मला वाटायचं देवाला शर्टाऐवजी पैसेच घातलेत. तिकडे बाजारात खिलार जनावरं रांगेने, शिंगं तासून तेल लावलेली, मागे झुकलेली. आबा एकेकाच्या तोंडात हात घालून दात बघायचे. दुधाच्या दातांचा तो आदत, मग दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा, सगळे दात आलेला जुळलेला. बाराखडीआधी मला हे पाठ होतं. वर्गात बाईंनी एकदा विचारलं, तुझ्या भावाचं वय किती, तर मी म्हणालो, आदत आहे अजून.

मग बैलगाडा शर्यतीचं मैदान. फज्जाच्या, म्हणजे शर्यत संपते त्या रेषेच्या, दोन्ही बाजूंनी माणसं, झाडांवर माणसं, ट्रकच्या टपावर माणसं. निशाण पडलं की एक "हुर्र" उठायची आणि मग फक्त धुरळा. छकड्यावर ड्रायव्हर उभा नसायचाच, तो लोंबत असायचा. बैलाची शेपटी दातात धरून चावणारे ड्रायव्हर मी पाहिलेत, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं तेवढंच मला वाटायचं, आपली जोडी पुढे पाहिजे.

आबा मात्र निकालाच्या फळीकडे बघायचेच नाहीत. लोक गुलाल घेऊन जिंकलेल्या जोडीकडे धावायचे आणि आबा माझं मनगट धरून उलटीकडे, धुरळ्यातून पार पुढे, जिथे बैल थांबत असत तिथे. "पळताना समदी बघत्यात," म्हणायचे. "पळून झाल्यावर बघ." छाती किती वेळात खाली बसते, नाकपुड्या कशा आहेत, मालकाचा हात लागल्यावर कान कुठे जातात. जिंकलेल्या जोडीतला बैलही कधी कधी त्यांना पसंत पडायचा नाही. हरलेल्या एकाकडे बघत तासभर उभे राहायचे. आम्ही दोघं जेवायला नेहमी उशिरा पोचायचो आणि आजीला वाटायचं की नातवाला गर्दीत हरवलं असणार.

तो नाद तात्यांकडे गेला. त्यांनी 2013 साली एक आदत खोंड घेतलं, कोसा रंगाचं, सोन्या. घरातल्या पोरांना मिळत नव्हतं इतकं दूध त्याला. उडीद, शेंगपेंड, अंडी. आणि 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. मी इथून तात्यांना कायदा समजावून सांगत होतो, कोर्टाचं म्हणणं अगदीच खोटं नाही असंही म्हणालो. ते ऐकत होते. मग म्हणाले, "शर्यत बंद झाली ते बरुबर. खुराक कसा बंद करू?" सोन्या दुसा झाला, चौसा झाला, जुळला. औताला त्याला जुंपणं तात्यांच्या जिवावर यायचं, म्हणून तो गोठ्यात नुसता उभा. रोज सकाळी माळावर फिरवून आणायचे, पेन्शनरासारखं. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी आली तेव्हा गावात फटाके वाजले, तात्यांनी व्हिडिओ कॉल केला. मी म्हटलं, सोन्याला दाखवा. दाखवला. आवाजाने तो जरा मागे सरकला, एवढंच. पळायचं वय गेलं होतं. 2023 च्या मेमध्ये घटनापीठाने शर्यतींवर शिक्कामोर्तब केलं तोवर गोठ्यात दुसरं खोंड आलं होतं आणि सोन्याबद्दल मी विचारलं नाही.

मी काय सांगत होतो? बूट.

काऊटाउनला मी आबांसारखंच करतो. आठ सेकंद सगळे बघतात. मी त्यानंतरचं बघतो. बैलाच्या छातीभोवतीच्या त्या दोरीला खाली एक घंटा बांधलेली असते. पहिल्यांदा वाटलं शोभेची, आपल्या घुंगुरमाळेसारखी. तसं नाही. दोरीला राळ घासून ती हाताला चिकटवलेली असते, आणि पोराचा हात सुटला की घंटेच्या वजनाने दोरी आपोआप घसरून पडते. म्हणजे मोकळं करणारी घंटा. ती मातीत पडते तेव्हा बद्द असा आवाज होतो आणि बैलाला लगेच समजतं की झालं. क्षणापूर्वी पिसाळलेला हा प्राणी एकदम शहाण्यासारखा चालू लागतो. बाहेरचं दार कुठलं ते त्याला ठाऊक असतं. काही तर जाता जाता एकदा थांबून लोकांकडे बघतात. छाती, नाकपुड्या, कान, मी सगळं बघून घेतो.

तर त्या शनिवारी तो राखाडी होता. दार उघडलं आणि तिसऱ्या उडीला त्याने पोराला टाकलं. अगदी स्वच्छ टाकलं, डावीकडे खांदा देऊन. घंटा पडली. राखाडीने दोन उड्या उगाच, हौसेच्या मारल्या, मग मान खाली घेऊन दाराकडे निघाला. छाती इतक्या लवकर बसलेली मी कुणाची पाहिली नव्हती. आबा हवे होते, असं मनात आलं. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

बराच वेळ वाजवत होतो, कारण मग लक्षात आलं की फक्त माझ्याच टाळ्या ऐकू येताहेत. शेजारच्या बाईने टोपी काढून छातीशी धरली होती. मैदानाच्या मधोमध ते पोरगं पालथं पडलं होतं आणि चार माणसं त्याच्याभोवती गुडघ्यांवर. एकोणीस-वीस वर्षांचं असेल. कर्ण्यावरचा माणूस, जो तीन तास बडबडत होता, तो गप्प. मी तिकडे बघितलंच नव्हतं. तो कसा पडला, काय आधी टेकलं, काही माहीत नाही. मी बैल बघत होतो.

थोड्या वेळाने पोरगं उठून बसलं. दोघांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात खिशात होते. गाडीपर्यंत जाताना पार्किंगच्या ढेकळांतून चाललो, तेव्हाच ही माती बुटात गेली असणार.

त्यानंतरच्या शनिवारी मी गेलो नाही. तिकडे पाऊस आहे म्हणून घरी सांगितलं. पाऊस नव्हता.

आज साडेपाचला निघायचं आहे.