आधी तारीख सांगा: पेणच्या एका छोट्या कारखान्याची वाटचाल

पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच. आमचाही कारखानाच आहे, पण आमच्या फळीवर बाप्पा नसतात, घोडेस्वार असतात. तेही नेपोलियनच्या काळातले, आणि माणूस उभा केला तर टाचेपासून डोळ्यांपर्यंत जेमतेम २८ मिलिमीटर. युरोप-अमेरिकेत टेबलावर जुन्या लढाया मांडून खेळणारी मंडळी आहेत. ती धातूचे, प्लॅस्टिकचे कोरे सैनिक विकत घेतात आणि रंगवायला वेळ नसला की आमच्यासारख्यांकडे पाठवतात. बारा वर्षं आम्ही हेच करतोय.

आमचं घर आखणीवाल्यांचं. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रेखणं. बाकी सगळा रंग झाला की शेवटी करायचं काम, आणि त्याला हात ठरलेला असतो. मी डिप्लोमा करून कंपनीत लागलो आणि रात्री छंद म्हणून प्लॅस्टिकचे सैनिक रंगवायचो. इंटरनेटवर फोटो टाकले, तर एका इंग्रज गृहस्थांनी विचारलं, माझे चोवीस स्वार रंगवून द्याल का? कपडे, घोडे मी केले. डोळ्यांना मात्र माझा हात थरथरायला लागला. आईकडे दिले. तिने एका दुपारी चोवीस जणांचे डोळे आखले आणि म्हणाली, "झालं? यांना पापण्या नाहीत होय रे?" तिथून आमचा धंदा सुरू झाला.

दुसऱ्या वर्षी मोठी चूक केली. ऑर्डर होती नेपोलियनच्या गार्डमधल्या, म्हणजे त्याच्या खास निवडक फौजेतल्या, पोलिश घोडदळाची, स्पेनमधल्या सोमोसिएराच्या खिंडीतल्या हल्ल्यासाठी. गडद निळा कोट, किरमिजी छाती, डोक्यावर चौकोनी माथ्याची उंच टोपी. मूर्ती भालेवाल्यांच्या आल्या होत्या, आम्ही भाल्यांसकट रंगवल्या. किरमिजी-पांढऱ्या पताका तर इतक्या झोकात फडकवल्या की मीच खूश. पार्सल पोचलं आणि दोन ओळींची मेल आली: सोमोसिएरा ३० नोव्हेंबर १८०८, भाले कुठून आले?

खरंच होतं. या रेजिमेंटला भाले मिळाले ते १८०९ च्या वाग्रामच्या लढाईनंतर. खिंडीत ते उघड्या तलवारी घेऊन चढले होते. सगळ्या मूर्ती परत मागवल्या, भाले कापले, मुठी पोखरून तलवारी बसवल्या, बोटांवरचा रंग पुन्हा केला. जाण्या-येण्याचं कुरिअर आमच्या खिशातून गेलं. त्या ऑर्डरमध्ये काय सुटलं ते विचारू नका.

तेव्हापासून आमच्या ऑर्डरच्या कागदावर पहिला रकाना रेजिमेंटचा नाही, तारखेचा आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "फ्रेंच काराबिनिए (जड घोडदळातले स्वार) हवेत." आम्ही विचारतो, केव्हाचे? १८०९ चे असतील तर निळा कोट आणि अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी. त्यानंतरचे असतील तर पांढरा कोट, पिवळ्या धातूचं चिलखत, शिरस्त्राणावर लाल तुरा. रेजिमेंट तीच, पण शेजारी शेजारी ठेवलेत तर कुणी ओळखणार नाही. लोक बटणांवरून भांडतात. एवढ्याशा मूर्तीवर बटण म्हणजे एक ठिपका, त्याने काही बिघडत नाही. वर्ष चुकलं तर मात्र अख्खा माणूस चुकतो.

मूर्ती ज्या वर्षाची हवी त्या वर्षाची मिळत नाही, म्हणून मग कन्व्हर्जन. मराठीत रूपांतर म्हणता येईल, पण आमच्याकडे सगळे "कन्व्हर्जनला टाकलंय" असंच म्हणतात. सगळ्यात जास्त केलंय ते ब्रिटिश लाइट ड्रॅगूनचं, म्हणजे हलक्या घोडदळातल्या स्वाराचं. १८१२ आधीचा लाइट ड्रॅगून म्हणजे पुढून मागे केसाळ तुरा असलेलं चामडी शिरस्त्राण आणि छातीवर आडव्या दोऱ्यांच्या ओळीच ओळी. १८१२ मध्ये गणवेश बदलला: वर रुंद होत जाणारी शाको टोपी आणि छातीवर रंगीत कापडाचा रुंद पट्टा. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने याविरुद्ध पत्र लिहिलं होतं, कारण त्याचे स्वार आता दुरून थेट फ्रेंच वाटणार होते. आम्हाला त्याची तक्रार फार पटते. आमच्याच एका मुलाने तीन जण उचलून फ्रेंचांच्या खोक्यात ठेवले होते.

नवशिक्याला वाटतं, डोकं बदललं की काम झालं. डोकं सगळ्यात सोपं. करवतीने मान कापायची, ०.५ मिमीचं भोक पाडायचं, पितळी तारेचा तुकडा घालून नवीन डोकं चिकटवायचं. मान जरा वळवून बसवली की ओळीतला प्रत्येक जण वेगळा दिसतो. खरी मेहनत छातीवर. त्या सगळ्या दोऱ्या कानशीने घासून सपाट करायच्या, आणि घासताना लगाम धरलेला हात मध्ये येतो. मग ग्रीन स्टफ, म्हणजे निळी-पिवळी पट्टी मळून होणारी हिरवी पुटीन, राईएवढी घ्यायची, पाण्याने ओल्या केलेल्या पात्याने छातीवर पसरायची आणि कडा दाबून वर रुंद, कमरेला निमुळता आकार काढायचा. तासाभरात ती घट्ट होऊ लागते, तेवढ्यात बटणांचे ठिपके टोचून घ्यायचे. एका स्वाराला दोन तास जातात. त्याचे पैसे वेगळे लावतो आणि आधीच सांगतो. घासाघीस करणाऱ्याला जुन्या टोपीचेच घ्या म्हणतो, १८११ ची लढाई खेळा.

भाले आम्ही कधीच मूर्तीसोबत आलेले ठेवत नाही. पांढऱ्या धातूचा भाला कुरिअरमध्ये जिलबीसारखा वाकतो. पोलादी तार लावतो. फ्रेंच भाला सुमारे पावणेतीन मीटरचा, आमच्या प्रमाणात तो ४९ मिमी येतो. टोक बोचतं, पण वाकत नाही.

घोड्यांचं शिक्षण मात्र सारंगखेड्याच्या यात्रेत झालं. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे दोन दिवस फक्त पाय, नाकपुड्या आणि खूर यांचे फोटो काढत फिरलो. घोड्यांच्या रंगांना कुमाईत, अबलख, पंचकल्याणी असे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, त्यामुळे रंगवणाऱ्या मुलींना "बे" आणि "चेस्टनट" शिकवत बसावं लागलं नाही. पाय पांढरा असेल तर खूरही सहसा फिकट, हे तिथल्या एका व्यापारीकाकांनी दाखवलं. पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्याची कातडी आतून काळसर असते, म्हणून तोंड करडं ठेवायचं. असा घोडा लहानपणी गडद असतो, वयाबरोबर पांढरा होत जातो, त्यामुळे सगळी तुकडी चुन्यासारखी एकसारखी पांढरी केली की ती खोटी दिसते. फक्त मारवाडी घोड्याचे आत वळलेले कान तेवढे घ्यायचे नाहीत. एकदा एका पोराने पुटीन लावून तेही केलं होतं. नेपोलियनच्या स्वाराखाली मारवाडी घोडा! तो एक मी विकला नाही, माझ्या टेबलावर आहे.

जुलैपासून चतुर्थीपर्यंत आम्ही बंद. एक तर आखणीचे सगळे हात तेव्हा बाप्पाकडे असतात, आणि त्यांनी तिथेच असावं. दुसरं म्हणजे कोकणातला पाऊस. दमट हवेत मॅट वार्निशचा फवारा मारला की ते पांढरट धुक्यासारखं बसतं. पहिल्या वर्षी घाईघाईत चाळीस फ्रेंच हुसार, म्हणजे हलके घोडेस्वार, असे धुक्यात घातले. निम्मे वाचले.

सध्या फळीवर स्कॉट्स ग्रेज ही ब्रिटिश घोडदळाची रेजिमेंट आहे, नेपोलियनच्या शेवटच्या लढाईतली: वॉटर्लू, १८ जून १८१५. मूर्ती घडवणाऱ्याने अस्वलाच्या कातड्याची टोपी केस न् केस कोरून दिलीय, पण त्या दिवशी टोप्यांवर मेणकापडाची खोळ होती. म्हणून आम्ही ते सगळे केस पुटीनखाली झाकतोय. आई चष्मा लावून बघत होती.

"एवढं छान कोरलंय, झाकता कशाला?"

"आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता."

तिने खोळ चढवलेला एक स्वार उचलला, उलटा करून घोड्याचं पोट बघितलं आणि म्हणाली, "मग चिखल कुठाय?"

सगळे घोडे पुन्हा खाली घेतलेत.