इन्क्वायरी स्पॅममध्ये का जाऊन पडते

लॉटरीचा मेल इनबॉक्समध्ये आला तर तो पुसायला एक सेकंद लागतो. खरं नुकसान करतो तो आलाच नाही असं वाटणारा मेल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीला पुण्याहून कास्टिंगचं ड्रॉइंग येतं, खानापूरच्या कौलांच्या कारखान्याला गोव्यातून कोणी दर विचारतं, आणि ते सगळं स्पॅममध्ये पडून राहतं. जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी कायमचा पुसून टाकतं. पाठवणाऱ्याला परत काहीच निरोप जात नाही. तो समजतो, यांना काम नको आहे.

फिल्टरला नावं ठेवण्याआधी एक तपासणी करावी. संगणकावर जीमेल उघडा, स्पॅममध्ये सापडलेल्या मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर 'शो ओरिजिनल' निवडा. पानाच्या वरच्या भागात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी असतात, पुढे पास किंवा फेल. एसपीएफ म्हणजे हा सर्व्हर त्या डोमेनच्या (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) नावाने पाठवायला मुखत्यार आहे का. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, वाटेत मजकूर बदलला तर ती मोडते. डीमार्क पाहतं की या दोन्हींपैकी निदान एक 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळतं का.

आपल्याकडचं एक नेहमीचं दुखणं जुन्या-नव्या डोमेनचं आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचं इंग्रजी नाव बदललं. ज्यांच्या डोमेनमध्ये जुनं स्पेलिंग होतं त्यांनी नवं घेतलं, की जुन्यावरचा मेल नव्यावर किंवा थेट जीमेलवर फॉरवर्ड करून ठेवला जातो. इथेच घोळ होतो. फॉरवर्ड झालेला मेल जीमेलला पुण्याच्या कंपनीच्या सर्व्हरवरून येत नाही, आपल्या होस्टिंगच्या (वेबसाइट आणि मेलसाठी भाड्याने घेतलेल्या जागेच्या) सर्व्हरवरून येतो, आणि तो सर्व्हर पुणेवाल्यांच्या एसपीएफ यादीत असण्याचं कारणच नाही. डीकेआयएमची सही टिकली तर मेल वाचतो, पण मध्ये एखाद्या अँटिव्हायरसने खाली आपली ओळ चिकटवली की तीही जाते. शिवाय जुन्या पत्त्यावर येणारा सगळा कचरा त्याच सर्व्हरमार्फत पुढे ढकलला जातो, त्यामुळे त्या सर्व्हरची पतही घसरते. उपाय एकच चांगला: फॉरवर्डिंग बंद करा, जुनं डोमेन नव्या मेल खात्यात डोमेन एलियस (त्याच खात्याचं दुसरं नाव) म्हणून जोडा आणि त्याचे एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ते सांगणाऱ्या नोंदी) थेट तिकडे वळवा. जुन्या कॅटलॉगवर आणि गाडीवर छापलेला पत्ता मग जसाच्या तसा चालतो.

वेबसाइटवरच्या संपर्क फॉर्मचंही तसंच. ग्राहक फॉर्ममध्ये आपला जीमेल पत्ता लिहितो आणि वेबसाइट तोच पत्ता 'फ्रॉम'मध्ये टाकून मेल धाडते. गूगलच्या नजरेत हा सरळ तोतयेपणा ठरतो. 'फ्रॉम'मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता हवा, ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये. आणि मेल पीएचपीच्या (वेबसाइट ज्या भाषेत लिहिलेली असते तिच्या) साध्या मेल फंक्शनने न पाठवता पासवर्डसह एसएमटीपीने, म्हणजे आपल्या मेल खात्यात लॉगिन करून, जायला हवा. वेबसाइट करून देणाऱ्याला हे दोन वाक्यांत सांगता येतं, दहा मिनिटांचं काम आहे.

आपलं कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये जात असेल तर आपले डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदी, पाहा. एसपीएफ आणि डीकेआयएम तिथेच लिहिलेले असतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी नियम कडक केले: प्रत्येक पाठवणाऱ्याला निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आणि जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, वर डीमार्क. सर्रास आढळणारी चूक म्हणजे एकाच डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड. होस्टिंगवाल्याचा आधीपासून असतो, मेल गूगलकडे नेताना दुसरा जोडला जातो. दोन झाले की दोन्ही बाद. एकाच ओळीत सगळे मिळवायचे, आणि त्या ओळीमुळे होणाऱ्या डीएनएस चौकशा १० च्या आत ठेवायच्या. डीकेआयएमची सही पडताळणारी २०४८ बिटची किल्ली डीएनएस रेकॉर्डच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. काही होस्टिंग पॅनेल ती मुकाट्याने कापतात, म्हणून जतन केल्यावर शेवटची अक्षरं जुळवून बघा. गूगल वर्कस्पेसमध्ये (गूगलच्या कंपन्यांसाठीच्या मेल सेवेत) रेकॉर्ड टाकल्यावर 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबावं लागतं. ते बटण राहिलं तर किल्ली असूनही सही होत नाही.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्या संस्थांनी आणखी एक ठिकाण बघावं. साध्या होस्टिंगवर बहुधा स्पॅमअसॅसिन नावाचं स्पॅम गाळणारं सॉफ्टवेअर असतं. ते प्रत्येक खुणेला गुण देतं आणि बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. कोणी त्यात भाषा ओळखणारी टेक्स्टकॅट सोय चालू करून फक्त इंग्रजी मान्य ठेवली असेल, तर मराठी मेलला पाचातले अर्ध्याहून जास्त गुण भाषेपायीच बसतात. मराठी माणसाच्या मेलबॉक्सला मराठीच परकी ठरावी, हे खपवून घेऊ नये. मान्य भाषांत मराठी घालायला सांगा. स्पॅमअसॅसिनचा शिकणारा भाग किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय कामच सुरू करत नाही, तेव्हा फक्त कचरा दाखवून थांबू नका.

नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी जीमेलमध्ये फिल्टर करा: मेलच्या तीन टिंबांतून 'फिल्टर मेसेजेस लाइक दीज', मग 'क्रिएट फिल्टर', मग 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर खूण. ही सोय मोबाइल अ‍ॅपमध्ये नाही, ब्राउझरच लागतो. पत्त्यांऐवजी गिऱ्हाइकाचं पूर्ण डोमेन लिहा, म्हणजे त्यांचा परचेसवाला बदलला तरी चालतं. मात्र जीमेल किंवा याहूसारखं सगळ्यांचं डोमेन तिथे कधीच लिहू नका, फसवणारेही तिथूनच येतात.

आणि ऑफिसच्या संगणकावर आउटलुक पीओपीने (मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीने) जोडलेलं असेल तर जीमेलचं स्पॅम फोल्डर तिथे दिसतच नाही. पीओपी इनबॉक्सचा मेल उतरवून घेतं, स्पॅम वरच राहतं. खातं आयमॅपने (सर्व्हरवरची सगळी फोल्डरं जशीच्या तशी दाखवणाऱ्या पद्धतीने), पोर्ट ९९३ वर जोडा. जोडण्याआधी पीओपीने उतरवलेली जुनी पीएसटी फाइल (आउटलुक ज्यात मेल साठवतं ती) पेनड्राइव्हवर काढून ठेवा, कारण सर्व्हरवरून पुसलेला मेल फक्त तिच्यातच उरलेला असतो.