वर्षातला एक रविवार विक्री बंद

पुण्यात आमचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही मातीच्या भांड्यांचे संग्राहक आणि कुंभार यांचा मेळा भरवतो आणि त्या दिवशी विक्री बंद ठेवतो. तो कसा सुरू झाला, त्याची ही गोष्ट. आज गिऱ्हाईक येतं ते चिनी मातीच्या बरण्यांसाठी, रुंद तोंडाच्या सटींसाठी, मांडे भाजायच्या खापरासाठी, नाहीतर एखाद्या रांजणासाठी. पण दुकान सुरू झालं ते लाकडावर. पेठेतला वाडा पाडायला निघाला की माझे सासरे, अण्णा, तिथलं सागवान उचलायचे. खांब, तुळया, चौकटी, माळवदाच्या फळ्या. १९६१ साली पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले, उरलेले खिळखिळे झाले, आणि पुढची अनेक वर्षं वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत गेल्या. अण्णांचा धंदा त्यावर चालला. वाडा रिकामा करताना तांब्यापितळेची भांडी घरमालक स्वतःच मोडीत घालायचे, कारण त्याला वजनावर भाव होता. मातीला भाव नव्हता. माळ्यावरच्या बरण्या, तळघरातले रांजण ‘हेही घेऊन जा हो’ म्हणून वर फुकट मिळायचे. अण्णा ते मागच्या पडवीत रचून ठेवत. कशासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, “फेकवत नाही.”

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. लाकूड संपत आलं होतं, कारण वाडेच संपत आले होते. माझ्या नवऱ्याने आणि मी दुकान हातात घेतलं तेव्हा विकण्यासारखं जे उरलं होतं ते बहुतेक मातीचंच होतं. सुरुवातीचे घेणारे म्हणजे हॉटेलांची सजावट करणारे आणि मालिकांच्या सेटवाले. त्यांना ‘आजीच्या स्वयंपाकघरातलं काहीतरी’ हवं असायचं. बरणी तडकलेली असली तरी चालायची, तडा भिंतीकडे फिरवला की झालं. या लोकांनी आम्हाला जगवलं, पण शिकवलं काहीच नाही.

शिकवलं ते संग्राहकांनी. त्यांची पहिली खूण अशी की ते बरणी हातात घेतात आणि लगेच उलटी करतात. तळाशी किंवा खांद्यावर कच्च्या मातीत उमटवलेला कारखान्याचा शिक्का शोधतात. बर्न कंपनीच्या जबलपूरच्या कारखान्याचा माल, ग्वाल्हेरचा माल, सौराष्ट्रातल्या थानगढ, वांकानेर, मोरबी या पट्ट्यातला माल. त्या पट्ट्यात हा उद्योग रुजवण्यात परशुराम गणपुले या मराठी माणसाचा मोठा हात होता. आज मोरबीच्या फरशा घराघरांत बसतात, पण ही गोष्ट किती मराठी माणसांना ठाऊक आहे? ‘परशुराम’ शिक्क्याची बरणी दाखवून मी हे सांगते तेव्हा गिऱ्हाईक आधी माझ्याकडे संशयाने बघतं. भाव वाढवायला सांगतेय, असं वाटत असणार.

वर तपकिरी आणि खाली फिकट पिवळसर अशी जी बरणी तुमच्या घरी लोणच्याला होती, ती साध्या कुंभारी मातीची नव्हे. गावच्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, शेणी, भुसा, पाचट लावून मडकं भाजतात तेव्हा उष्णता सातशे-नऊशे अंशांच्या आसपास जाते. मडकं सच्छिद्र राहतं, म्हणून माठातलं पाणी पाझरतं आणि गार होतं. बरणीची माती वेगळी. ती बाराशे अंशांच्या वर भाजतात, माती आतून जवळजवळ काचेसारखी घट्ट होते, मग खार आणि आंबट आत शिरत नाही. कैऱ्यांचं लोणचं वर्षभर टिकायचं ते यामुळे. पितळेत ते चार दिवसांत कळकलं असतं. काही जुन्या भांड्यांना मिठाची झिलई असते. भट्टी पुरती तापली की आत मीठ टाकायचं. त्याची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळतं आणि पृष्ठभागावर पातळ काच चढते. ती सपाट नसते, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची असते. बोटाला कळते.

तपासायची आमची पद्धत साधी आहे. बरणी तळहातावर तोलून धरायची आणि बोटाच्या पेराने वाजवायची. टणत्कार आला तर शाबूत, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने वाजवून कच्चं-पक्कं मडकं ठरवलं, ती कथा दुकानात दर आठवड्याला कुणी ना कुणी सांगतंच. मग अतिनील किरणांची विजेरी. रंग किंवा राळ भरून बुजवलेला भाग त्या उजेडात वेगळा चमकतो. आणि लोणा. जुन्या बरणीच्या केसासारख्या तड्यातून पांढरी पूड बाहेर येत असेल तर आतलं मीठ अजून जिवंत आहे. अशी बरणी स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं, महिना लागला तरी चालेल. घासायची नाही.

या सगळ्यातून मेळा निघाला. मेळा हा शब्द मोठा झाला, खरं तर ते जेवण होतं. आमची दहाबारा नेहमीची गिऱ्हाइकं एकमेकांना नावाने ओळखत होती, चेहऱ्याने नाही. ‘ती सट त्यांनी नेली का? अरे!’ असं प्रत्येक जण मला विचारायचा. मी म्हटलं, एकदा समोरासमोर बसा. संक्रांतीनंतरचा रविवार ठरवला. त्याचं कारण कुंभार. संक्रांतीआधी ते सुगडांत बुडालेले असतात आणि लवकरच उन्हाळ्याचे माठ सुरू होतात. मधला हा एकच मोकळा काळ. आणि मला कुंभार तिथे हवेच होते. संग्राहक संग्राहकांशीच बोलत बसले की बोलणं किमतीवर येतं.

म्हणून पहिला नियम केला, आणि तो आजपर्यंत टिकला आहे: त्या दिवशी विक्री बंद. आमचीही आणि आलेल्यांची आपापसातलीही. नवऱ्याला हे मुळीच पटलं नव्हतं. “गावातले सगळे घेणारे एका छताखाली बसवायचे आणि गल्ल्याला कुलूप लावायचं?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण मी अडून बसले. दुसरा नियम, प्रत्येकाने एकच भांडं आणायचं. तिसरा, ते कुठल्या गावचं, कुणाच्या घरचं, त्यात काय ठेवलं जाई, हे सांगायचं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं. हा तिसरा नियम सगळ्यांत अवघड जातो. संग्राहकाला ‘माहीत नाही’ म्हणणं जिवावर येतं.

पहिल्या दोनतीन वर्षांत बरण्यांचंच राज्य होतं. मग हळूहळू प्रांत यायला लागले. जळगावहून एक वहिनी खापर घेऊन आल्या, नवं घडवलेलं नव्हे, वापरातलं, काळंकुळकुळीत. चुलीवर पालथं ठेवून त्यावर मांडे भाजायचं ते खापर. त्यांनी नुसतं दाखवलं नाही, अंगणात चूल मांडून हातावर मांडा फिरवून दाखवला. मराठवाड्यातून अक्षय्य तृतीयेची करा-केळी, म्हणजे मातीच्या भांड्यांची जोडी, आली. कोकणातून मिठागराच्या मिठाने अर्धी खाल्लेली बरणी आली. चंद्रपूरकडचे एक निवृत्त शिक्षक भद्रावतीच्या ग्रामोदय संघाचं भांडं घेऊन आले. गांधीविचाराच्या कृष्णमूर्ती मिरमिरांनी तिथे कुंभारांसाठी जे काम उभं केलं, त्याबद्दल ते इतकं रंगून बोलले की पिठलं गार झालं. मुंबईच्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडचा फुलदाणीचा फोटो आणला. भांडं आणायला ते घाबरले आणि बरोबर घाबरले. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या कलाशाळेत, म्हणजे आजच्या जे. जे. मध्ये, जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली जी कुंभारकला बहरली, त्यातलं ते काम होतं. सिंधच्या झिलईची परंपरा आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या आकृत्या एकाच घटावर. असली भांडी बघायची तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येही आहेत. आमच्या दुकानात ती कधी येतील अशी आशा मी ठेवत नाही.

आणि दरवर्षी एक भांडण ठरलेलं. धुवायचं की नाही? एक पक्ष म्हणतो, चुलीची काजळी हाच भांड्याचा इतिहास. दुसरा म्हणतो, आमच्या आजीने असं काळं भांडं घरात ठेवू दिलं नसतं. मी पहिल्या पक्षाची, पण बुरशी लागली असेल तर धुते. एका वर्षी हा वाद चालू असताना पुरंदरकडच्या एका म्हाताऱ्या कुंभारमामांनी कोपऱ्यातला डेरा उचलला, आत हात घातला, बाहेरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ह्याची मान चाकावरची हाय, पोट थापटून वाढवलंय. थापटणारा घाईत व्हता, हितं बघा, दगडाची खूण तशीच ऱ्हायली.” सगळे गप्प. त्या डेऱ्यावर एका संग्राहकाने पंधरा मिनिटं भाषण केलं होतं. त्यात हे नव्हतं.

मामांना मी विचारलं, असा डेरा आज कोण करतं? “सांगितला तर करीन की. इचारतंय कोण?” आमच्या धंद्याचा पुढचा सगळा रस्ता या उत्तरातून निघाला. तोवर आम्ही फक्त जुनं विकत होतो, आणि जुनं हे लाकडासारखंच एक दिवस संपणार होतं. आम्ही कुंभारांना जुन्या घाटाची नवी भांडी सांगायला लागलो. खापर, दही लावायचं गाडगं, परळ, झाकणी. नमुना मेळ्यातला, माप संग्राहकाकडून, माती कुंभाराची. लीद किती, राख किती हे आम्ही सांगत नाही, ते त्याचं ज्ञान. पैसे आगाऊ देतो आणि आव्यात फुटलेला माल आमच्या हिशेबात धरतो, कारण आवा लावला की काही भांडी फुटतातच. पावसाळ्यात मागणी घेत नाही. ओल्या हवेत भांडं सुकत नाही आणि न सुकलेलं भांडं आव्यात तडकतं. हे परगावच्या गिऱ्हाइकाला पटवायला जेवढं बोलावं लागतं तेवढं विकायलाही लागत नाही. आज गल्ल्यात निम्म्याहून जास्त पैसा या नव्या मालाचा येतो. विक्री बंद ठेवलेल्या दिवसातून तो आला, हे माझा नवरा आता पाहुण्यांना स्वतःच्या कल्पनेसारखं सांगतो.

नवं ते नवं म्हणूनच विकायचं, ही मात्र अट. चहाच्या पाण्यात बुडवून, मातीत पुरून ‘शंभर वर्षांची’ केलेली भांडी बाजारात खूप फिरतात. आमच्या प्रत्येक नव्या भांड्याच्या तळाशी कुंभाराची खूण आणि साल कच्च्या मातीत उमटवलेलं असतं. खोडता येत नाही. जुन्या रंगीत झिलईच्या भांड्यात लोणचं घालू नका, हेही लिहून देतो. कमी आचेच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबटात ते उतरतं. ती भांडी कपाटात शोभतात.

मेळ्याला एक कुंपणही घालावं लागलं. नाव व्हायला लागलं तशी माणसं पिशवीतून खापऱ्या, म्हणजे जुन्या फुटक्या भांड्यांचे तुकडे, आणायला लागली. नदीकाठी सापडल्या, नांगरताना निघाल्या. प्रवरेकाठच्या जोर्वे गावात १९५०-५१मध्ये उत्खनन झालं आणि तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी असलेली एक आख्खी संस्कृती त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या खापऱ्या बोलल्या, कारण त्या कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होत्या याची नोंद झाली होती. पिशवीतली खापरी मुकी. शिवाय कायदा आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, देशाबाहेर तर खासगी माणसाला नेताच येत नाहीत. अमेरिकेतून आलेल्या ताईंना पणजीची सट सोबत न्यायची असते तेव्हा मी आधी सटीचं वय काढते. १९४०च्या सुमाराची निघाली की दोघीही सुटकेचा निःश्वास टाकतो. खापऱ्या आणणाऱ्यांना मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी जायला सांगते. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावात गोळा केलेल्या पुराणवस्तूंचं तिथलं संग्रहालय बघा म्हणते. एका माणसाने गावातलं गावातच ठेवलं तर काय होतं, ते तिथे दिसतं.

धंद्याची बाकीची गोष्ट सगळ्यांसारखीच. माल फोडणारे वाहतूकवाले भेटले. एकाने तर ‘नाजूक’ लिहिलेल्या खोक्यावर पाण्याचा पंप ठेवून पाठवला. त्यानंतर खोक्यात खोका आणि मध्ये चुरलेला कागद. अण्णांच्या वेळचा पेंढा सोडला, त्याला ओल धरते. २०२१च्या संक्रांतीला करोनामुळे मेळा झाला नाही. लोकांनी आपापल्या ओट्यावरच्या भांड्यांचे फोटो पाठवले आणि मला पहिल्यांदा कळलं की आमच्या कितीतरी संग्राहकांकडे रोजच्या वापरात एकही मातीचं भांडं नाही. तेव्हापासून मेळ्याचं जेवण मातीच्या भांड्यांत शिजतं.

यंदाचा विषय दही आणि ताक. गाडगी, डेरे, रवीचे खांब, शिंकी, जे असेल ते आणा, पण एकच. झाकण असेल तर झाकणासकट. दादरा, म्हणजे तोंडावरचं फडकं, बांधलेला असेल तर सोडू नका, तो कसा बांधतात हे नव्या मुलांना दाखवायचं आहे. गाडी लांब लावावी लागते, म्हणून जड भांडं असेल तर आदल्या दिवशी दुकानात पोचवा, आम्ही पावती देतो. आणि रविवारी कुणी किंमत विचारली तर सोमवारी सकाळी दहाला या म्हणून सांगा.