जमीन करणाऱ्याचं नाव

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा काढून देणं, पीक विम्याचे अर्ज भरणं, ई-केवायसी, फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) हे दिवसभर चालूच असतं. त्यामुळे कुठलं रान कोणाच्या नावावर आहे आणि खरं कोण कसतंय, हे मला तलाठ्याइतकंच ठाऊक असतं. मालक पुण्यात, लातूरला किंवा नोकरीच्या गावी, आणि रान बटईनं, म्हणजे वाट्यानं, दुसऱ्याकडे, अशी उदाहरणं दरवर्षी वाढतायत. कागदावर मात्र याचा मागमूस नाही.

आमच्याकडे पाडव्याला सालगडी बदलतो, बटईचे सौदेही त्याच सुमारास होतात. चार माणसांसमोर शब्द दिला-घेतला की व्यवहार झाला. बटई म्हणजे निम्मं-निम्मं. बी-खत-औषध अर्धं मालकाचं, अर्धं करणाऱ्याचं. मशागत आणि अंगमेहनत सगळी करणाऱ्याची. काढणी-मळणीचा खर्च पुन्हा अर्धा-अर्धा. दुसरी रीत ठोक्याची. एकरी ठरलेली रक्कम मालकाला आधीच मोजून द्यायची, मग पिको नाहीतर बुडो.

तेरणा नदीच्या अंगाला सहा एकर बटईनं करणारे एक मामा माझ्याकडे नेहमी येतात. २०२४ च्या सोयाबीनचा हिशेब त्यांनी माझ्याच टेबलावर बसून मांडला होता. एकरी बी-खत-औषधाचे आठ हजार, त्यातले चार मामांचे. नांगरट, पाळी, पेरणीचं ट्रॅक्टर साडेतीन हजार, तेही मामांचेच. काढणी-मळणी सहा हजार, त्यातले तीन त्यांचे. म्हणजे खिशातून गेले साडेदहा हजार. पिकलं सात क्विंटल. हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण त्यांचा माल गेला ४,२०० नं. एकराचे झाले २९,४००, मामांच्या वाट्याला १४,७००. खर्च वजा जाता राहिले ४,२००. चार महिने मामा, मामी आणि सुनेनं केलेल्या खुरपणीची किंमत यातच धरायची. मालकाचे त्याच एकरात सात हजार गेले आणि ७,७०० सुटले.

मी म्हटलं, मग ठोक्यानं का घेत नाही? जास्त पिकवाल ते सगळं तुमचं. मामांनी लगेच बोटांवर मोजून दाखवलं. ठोक्याचे बारा हजार धरले, तर सगळा खर्च साडेएकोणतीस हजारांवर जातो. सात क्विंटलला हातात काहीच येत नाही. दहा क्विंटल पिकलं तरच ठोका परवडतो. "आन् पाऊस गेला तर, ताई, मालकाला पैसे दिलेले परत मागता येतेत का?"

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत वाट्याच्या शेतीला कमी लेखलेलं असतं. जादा राबून काढलेल्या प्रत्येक पोत्यातलं अर्धं दुसऱ्याचं, म्हणून करणारा हात आखडता घेतो, असं सांगतात. ते खोटं नाही. पण मामांसारख्या माणसाजवळ बुडीत वर्ष झेलायला दुसरं काहीच नसतं. बटईत निदान मालकही अर्धा बुडतो. तोच त्यांचा विमा.

खरा विमा त्यांना मिळत नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत भाडेपट्ट्यानं कसणाऱ्यालाही भाग घेता येतो, पण नोंदणी केलेला भाडेकरार पोर्टलवर चढवावा लागतो. असा करार घेऊन आलेला एकही बटईदार मी आजवर पाहिलेला नाही. बँकेचं पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं, म्हणून मामा कृषी सेवा केंद्रातून उधारीनं माल उचलतात. उधारीचा दर वेगळा असतो आणि तो सोयाबीन विकल्याबरोबर चुकवायचा असतो. भाव वाढेपर्यंत थांबायची सोयच नाही. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार आणि राज्याचे नमो शेतकरीचे सहा हजार, हेही ज्याची जमीन त्याला.

२०२५ च्या सप्टेंबरात तेरणा आणि मांजरा दोन्ही पात्राबाहेर आल्या. मामांच्या सहा एकरांतलं उभं सोयाबीन चिखलात गेलं. सरकारनं ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, शिवाय रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,०००. सहा एकर म्हणजे २.४ हेक्टर, दोन्ही मिळून ४४,४०० रुपये होतात. पैसे जाणार फार्मर आयडीला जोडलेल्या खात्यात, आणि फार्मर आयडी निघतो सातबाऱ्यावरच्या नावानं. मालकांचा अर्ज मीच दुरुस्त करून दिला. मामा शेजारी उभे होते.

मालक भला माणूस आहे. मदत जमा झाल्यावर त्यांनी आपणहून मामांना दहा हजार दिले. मामांनी हात जोडून घेतले. मला राग आला तो मालकांचा नव्हे. ज्याचं पीक गेलं त्याला नुकसानीचे पैसे दुसऱ्याच्या मर्जीनं आणि उपकार म्हणून घ्यावे लागतात, या रचनेचा आला.

मग कागद का करत नाहीत? कारण सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "कूळ लागंल." म्हणजे कसणाऱ्याची कूळ म्हणून नोंद होईल आणि तो जमिनीवर हक्क सांगेल.

ही भीती आली कुठून, ते समजून घ्यायला हवं. आमचा भाग निजामाच्या राज्यातला, म्हणून इथं १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागू झाला. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा मुंबईचा कायदा, विदर्भाला १९५८ चा. मुंबईच्या कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ तिचं मालक मानलं गेलं, आणि किंमत ठरली शेतसाऱ्याच्या, म्हणजे सरकारी महसुलाच्या, वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान. या कायद्यांना कोणी नावं ठेवली की मी भांडते. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवून खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदारांविरुद्ध, संप केला, १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, त्यानंतर कुठे हे दिवस आले. मामांच्या मालकांचंच बघा. त्यांचे आजोबा संरक्षित कूळ होते. हैदराबाद कायद्याच्या कलम ३८-ई खाली जमीन नावावर झाल्याचा फेरफार मी स्वतः वाचला आहे. कायदा नसता तर नातू आज मालक नसता. आणि तोच नातू आज बटईचा कागद करायला घाबरतो.

त्याला दोष देणंही सोपं नाही. टी. हक यांच्या अध्यक्षतेखालच्या नीती आयोगाच्या समितीनं २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा दिला. महाराष्ट्रात भाडेपट्ट्याला सरसकट बंदी नसली तरी ठरावीक काळानंतर कुळाला जमीन विकत घेण्याचा हक्क मिळतो, ही अडचण समितीनं नोंदवली होती. दीड-दोन हेक्टरवाला मालक ही जोखीम कशाला घेईल? आता जमीनदार राहिलेत कुठे! आमच्या गावात रान बटईनं देणाऱ्यांत दोन विधवा बायका आहेत, एक सैन्यातला जवान आहे, गुडघे गेलेले एक गुरुजी आहेत. त्या दोघींपैकी एकीनं रान दिलंय ते ट्रॅक्टरवाल्या, तिच्यापेक्षा कितीतरी सधन शेतकऱ्याला. तिथं दुबळी बाजू मालकिणीची आहे. माप कमी दाखवलं तरी तिला कळत नाही, आणि तिच्याकडेही कागद नाही.

या भीतीची सगळ्यात मोठी किंमत जमीन मोजते, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. हक्क लागू नये म्हणून मालक दर एक-दोन वर्षांनी बटईदार बदलतो. ज्याला पुढच्या पाडव्याची खात्री नाही, तो शेणखत कशाला टाकेल? बांध कशाला घालेल? गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तलावाचा गाळ नेणारे आमच्याकडचे जवळपास सगळे स्वतःच्या रानाचेच मालक होते. मामांनी एकदा चौकशी केली आणि सोडून दिलं. गाळाचा उपयोग पुढची कित्येक वर्षं होतो, आणि त्यांच्या हातात असतं एकच वर्ष.

जुन्या हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यात गाव नमुना बारामध्ये "जमीन करणाराचे नाव" असा रकाना होता, शेजारी "रीत". मालकाऐवजी दुसराच कसत असेल तर तलाठ्यानं नमुना १४ भरून तहसीलदारांकडे पाठवायचा, ही तरतूदही जुनीच. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या उताऱ्यांवर त्या रकान्यात कायम मालकाचंच नाव किंवा "खुद्द" लिहिलेलं असतं. कारण तिथं नाव लागलं की त्याचा पुरावा होतो, आणि पुरावा झाला की कूळ.

म्हणून मला वाटतं, कसणाऱ्याची नोंद आणि मालकीचा हक्क, या दोन गोष्टींची गाठ कायद्यानंच सोडवली पाहिजे. एका हंगामाची किंवा पाच वर्षांची बटई नोंदवली, तर तिच्यातून मालकीचा हक्क कधीही निघणार नाही, हे स्पष्ट लिहावं. त्याचबरोबर त्या मुदतीतलं पीककर्ज, विमा आणि नुकसानीची मदत कसणाऱ्याच्या खात्यात जाईल, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहावं. आंध्र प्रदेशानं २०११ मध्ये परवानाधारक शेतकऱ्यांचा आणि २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला, म्हणजे विचार नवा नाही. जुन्या कुळांचे हक्क आहेत तसेच राहावेत, त्यांना हात लागता कामा नये. मोबाईल ॲपवर पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी २०२१ पासून आहेच. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढणारा बहुतेक वेळा बटईदारच असतो, मोबाईलवर ओटीपी मात्र मालकाचा. त्याच ॲपमध्ये कसणाऱ्याचं नाव आणि मुदत टाकायची सोय झाली तर निम्मं काम होईल.

तोवर या पाडव्यापासून मी एक पानाचं समजपत्र टाईप करून देतेय. वाटा किती, खर्च कोणाचा किती, आणि नुकसानीची मदत किंवा विमा आला तर त्यातला किती हिस्सा करणाऱ्याला, एवढंच. दोन साक्षीदारांच्या सह्या. कोर्टात याचं वजन किती, हे मी आधीच सांगते. गुरुजींनी सही केली. सैन्यातल्या जवानानं फोनवरच हो म्हटलं. मामांच्या मालकांनी कागद पुण्याला मागवून घेतलाय, वकिलांना दाखवून सांगतो म्हणाले.