जुनी गोळी कुणी काढलीच नाही

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी सातारा जिल्ह्यात एका छोट्या हॉस्पिटलात फिजिशियन आहे. सोमवारची ओपीडी तुडुंब, आणि सत्तरीचे एक आजोबा मुलाच्या आधाराने आत आले ते थेट कॉटवरच टेकले. दोन रात्री झोप नाही, सारख्या उलट्या, हात असे थरथरत होते की पाण्याचा ग्लास धरवेना. पल्स 140. मुलगा म्हणाला, "मॅडम, दम्याचा त्रास जुनाच आहे, पण या वेळी दम नाही लागलेला, नुसतं धडधडतंय म्हणतात."

मी औषधांची पिशवी मागितली. त्यात थिओफायलिनची, म्हणजे दम्यावरच्या जुन्या औषधाची गोळी होती, वीस वर्षांपासूनची, आणि लघवीच्या जळजळीसाठी पाच दिवसांपूर्वी सुरू झालेली सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक. विचारलं, "आजोबा, बिडी किती?" तर म्हणाले, "सोडली की, दोन महिने झाले."

तिथेच उलगडा झाला. बिडीच्या धुराने लिव्हर थिओफायलिनचा लवकर निचरा करतं, म्हणजे बिडी ओढणाऱ्याला जो डोस सोसतो तोच बिडी सोडल्यावर जास्त होतो, आणि सिप्रोने तर तो निचरा आणखीच अडतो. माणसाने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं, बिडी सोडली, आणि आता डोस कमी करायला हवा हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मला फार वाईट वाटलं.

रक्तातली पातळी मोजायची सोय आमच्याकडे नाही, थांबण्यात अर्थ नव्हता. दोन्ही गोळ्या बंद केल्या, मॉनिटर लावला, पोटॅशियम 2.9 आलं ते भरून काढलं. तिसऱ्या दिवशी पल्स 90 वर आली आणि आजोबांनी चहा मागितला.

मग निवांत फाईल उघडली. आधी गोळ्या, मग स्टिरॉइडची रोटाकॅप (मशीनमध्ये घालून ओढायची पावडरची कॅप्सुल), मग टायोट्रोपियम हे श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारं औषध, प्रत्येक डॉक्टरने काळानुसार नवीन औषध वाढवलं पण आधीचं काढलं कुणीच नाही. मधे दोनदा न्यूमोनियासाठी ॲडमिट. आजोबांचा 'दमा' म्हणजे खरं तर सीओपीडी, धुराने होणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. सीओपीडीत ओढायच्या स्टिरॉइडने न्यूमोनिया वाढतो हे 2007 च्या टॉर्च नावाच्या अभ्यासात दिसलं होतं, आता तर रक्तातल्या इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 100 च्या खाली असतील तर ते देऊच नये असं सांगतात. आजोबांच्या 80. स्टिरॉइड काढलं, श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारी दोन औषधं एकाच कॅप्सुलमध्ये दिली.

आणि समोर बसवून ती कॅप्सुल मशीनमध्ये घालून ओढायला लावलं. ते आधी त्या मशीनमध्येच फुंकर मारत होते! कॅप्सुल उजेडात धरली तर अर्धी पावडर ओली होऊन आतच चिकटलेली. श्वास बाहेर सोडायचा तो मशीन तोंडापासून लांब धरून, मग जोरात आत ओढायचं, दहा आकडे दम धरायचा. चौथ्या वेळी कॅप्सुल स्वच्छ निघाली.

डिस्चार्जला मुलगा घुटमळला, "मॅडम, ती जुनी गोळी घरी गेल्यावर चालू करायची ना? वीस वर्षं घेतायत."

मी फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'थिओफायलिन बंद', खाली तारीख आणि कारण, आणि त्याला म्हटलं, यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे पान आधी दाखवायचं.